पहिल्या पानावरचं मरण

नादाशकूत, १६ जून

चि. शारोल्टा,

ख्रिस्ताची स्तुती असो.

तुझं पुस्तक पोहोचलं. प्रकाशकाच्या पाकिटातून आलं. आत तुझी सही आणि तारीख, बाकी एक अक्षर नाही. विजेच्या बिलावरसुद्धा माझं पूर्ण नाव असतं. बुडापेस्टला पुस्तक सप्ताहात तुझ्यासमोर सह्यांसाठी रांग होती असं ऐकलं. रांगेतल्या लोकांना तू नाव विचारून दोन ओळी लिहून देतेस म्हणे. मग मला पण रांगेत उभं राहायला हवं होतं.

चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेहून आले, मटार सोलायचे होते ते बाजूला ठेवले आणि वाचायला बसले. पहिल्याच पानावर मेले. मी म्हणजे. नाव पिरोश्का, गाव नादाशकूत, पायात निळ्या सपाता, चर्चमध्ये तिसऱ्या बाकाचा डावा कोपरा. त्या कोपऱ्यात दुसरी कोणी पिरोश्का बसत नाही. इतकी वर्षं मी बसते.

मी शाळेची शेवटची परीक्षा पास होऊन घरात पडलेली बाई. कादंबरी म्हणजे बनवलेली गोष्ट असते एवढं मला कळतं, ते समजावायला फोन करू नकोस. पण बनवायची तर धड बनव. मला आंबट चेरी सोसत नाही, दात आंबतात, आणि तू मला मरताना शिजवलेल्या चेरी बाटलीभर खायला घातल्यास. दवाखान्यात मला उघड्या खिडकीपाशी झोपवलंस. मी जन्मभर या घरात खिडक्या लावत आले. उघडत आले ते तुझे बाबा. आणि मरता मरता मी गाड्यांचे आवाज ओळखते, ही साडेचारची, ही मालगाडी. मला कधी मालगाडी ओळखता आली?

आणि बाबा जिवंत. ज्यांना जाऊन सात वर्षं झाली ते तुझ्या पुस्तकात तब्येतीने धडधाकट. मधमाश्या पाळतात. सूप करायला शिकतात. शेवटी तुझ्याबरोबर समुद्रावर जाऊन तळलेले मासे खातात. शारोल्टा, त्या माणसाने समुद्र पाहिला नव्हता. डेअरीतली नोकरी संपली की एड्रियाटिकवर जायचं म्हणून स्वयंपाकघरात नकाशा लावला होता. तो अजून तिथेच आहे, मागच्या भिंतीचा रंग उडू नये म्हणून मी काढत नाही.

एतेल्का आत्या आली होती. तिने पुस्तक दोनदा वाचलं. माझ्यासमोर बसून, माझ्याच हातची कॉफी पीत मला म्हणाली, "वहिनी, तू फार छान गेलीस गं. मी तर रडले."

मी तिला दुसरा कप विचारला नाही.

मला एकच विचारायचं आहे. का? घरात दोन माणसं होती. एक आधीच गेलेलं होतं. तुला मारायला तेच का पुरलं नाही?

पत्राचं उत्तर पत्राने दे. फोनवर तू घाईत असतेस.

तुझी आई


नादाशकूत, २० सप्टेंबर

चि. शारोल्टा,

ख्रिस्ताची स्तुती असो.

पत्राचं उत्तर आलं नाही, फोन आला. तोही बर्लिनहून. तिथे तुला शिष्यवृत्तीवर खोली, टेबल आणि सहा महिने मिळालेत, ही चांगली गोष्ट आहे. मेरीमातेला मेणबत्ती लावली. बाकी जे बोललीस ते मी इथे परत लिहून काढते, कारण ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हातारपणी कान चुकीचं ऐकतायत.

तू म्हणालीस की साप्ताहिकातल्या मुलाखतीबद्दल कोणी विचारलं तर मी गप्प राहावं. ती मुलाखत मी आधीच वाचली होती. ग्रंथालयातल्या योलानबाई ती प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर लावायला निघाल्या होत्या. त्यात तुला विचारलंय, आई गेल्यानंतर हे लिहिणं किती कठीण गेलं. आणि तुझं उत्तर, "त्या हिवाळ्यात मी रोज पहाटे लिहायचे. हात गार पडायचे."

मी खोटं बोलले नाही, असं तू मला फोनवर दोनदा सांगितलंस. नाही बोललीस. त्या माणसाने एक मेलेली आई टेबलावर ठेवली आणि तू ती उचलली नाहीस, एवढंच. एकदा कन्फेशनमध्ये फादरना हेच शब्द सांगून बघ, ते काय म्हणतात.

तुझी बाजू मला कळते. तू एकेचाळीस वर्षांची आहेस. आधीची तीन पुस्तकं आपल्या घराच्या माळ्यावर खोक्यांत आहेत, मला माहीत आहे, मीच त्यांच्यावर जुन्या चादरी घालते. सकाळी शाळेत शिकवायचं, दुपारी दुसऱ्यांची हस्तलिखितं दुरुस्त करायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचं लिहायचं, याला कोणी आयुष्य म्हणणार नाही. आणि आपल्या भाषेत कितीही चांगलं लिहिलं तरी सरहद्दीच्या पलीकडे कोणाला वाचता येत नाही. जर्मनमध्ये निघालं तर मग पुढचे दरवाजे उघडतात. आता लाइपझिगच्या प्रकाशिका बाईंनी पुस्तकात रस घेतलाय. त्या आणि रेडिओचे लोक गाव बघायला येणार. तारीख २३ नोव्हेंबर. संध्याकाळी पाचला आपल्या ग्रंथालयात तुझं वाचन.

तू म्हणालीस, "आई, त्यांना ते खरं वाटलं म्हणून ते इथवर येतायत. मध्येच कोणी म्हणालं की आई घरी मटार सोलत बसलीय, तर सगळं संपलं."

मटार संपून दोन महिने झाले.

आणि मग ते दुसरं. त्या आठवड्यात मी ग्योरला माझ्या मावसबहिणीकडे गेले तर बरं होईल. तिकीट तू काढून देशील. २३ नोव्हेंबर म्हणजे संत केलेमेनचा दिवस, बाबांचं नाव ज्याच्यावरून ठेवलं त्याचा, म्हणजे बाबांचा नामदिन. आपल्याकडे नामदिनाला कोणाला बोलवत नाहीत, ज्याला आठवतं तो येतो. बाबा गेल्यावरही येतात, त्यांचे डेअरीतले दोघे-तिघे, आत्या. मी पोगाचाचे छोटे खारे पाव भाजते. आता त्यांनी दार वाजवायचं आणि घराला कुलूप?

मी फोन ठेवला तो रागाने ठेवला. हे तुला कळलं नसेल, म्हणून लिहिते.

तुझी आई


नादाशकूत, २ नोव्हेंबर

चि. शारोल्टा,

ख्रिस्ताची स्तुती असो.

काल सर्व संतांचा दिवस. तू आली नाहीस. बर्लिनमध्ये त्या दिवशी सुट्टी नसते, हे फोनवरच्या निरोपात ऐकलं.

सकाळी शेवंतीच्या दोन कुंड्या घेऊन दफनभूमीत गेले. लांबूनच दिसलं, आपल्या दगडापाशी गर्दी आहे. माणसांची नाही, फुलांची. दगडाच्या डाव्या बाजूला बाबांचं नाव, तिथे गेल्या वर्षीची वाळकी डहाळी. उजव्या बाजूला माझं नाव, तिथे शेवंत्या, मेणबत्त्या, चिठ्ठ्या, कोणीतरी ठेवलेली चेरीची बाटली. तो दगड करताना मी माझं नाव कोरून घेतलं होतं, तुला आठवत असेल. पुन्हा कारागीर बोलवा, पुन्हा त्याची मजुरी, त्यापेक्षा दोन्ही नावं एकदम. अर्धं गाव असंच करतं. जन्माचं वर्ष, एक आडवी रेघ आणि पुढे मोकळी जागा. देवाने बोलावलं की फक्त आकडे घालायचे.

तुझ्या वाचकांना हे कोण सांगणार.

दगडापुढे एक बाई उभी होती. पेच शहरातून आलेली, चांगला कोट, डोळे लाल. मी कुंड्या घेऊन मागे थांबले. तिला वाटलं मी शेजारच्या कबरीची. तिने विचारलं, तुम्ही यांना ओळखत होता का.

मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, "चांगली ओळखत होते."

"कशा होत्या?"

"मीठ कमी घालायची. बाकी ठीक."

ती हसली आणि पुन्हा रडली. मग त्या आडव्या रेघेकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "बघा ना, मरणाचं वर्षसुद्धा कोरलेलं नाही. घरच्यांची ऐपत नसेल बिचाऱ्यांची."

शारोल्टा, या घरात आजवर एक गोष्ट उधारीवर आली नाही. त्या बाईला हे सांगायला माझं तोंड उघडलं होतं. पण सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि तिच्या हातात तुझं पुस्तक होतं, कडा मुडपलेलं, पानापानात खुणा घातलेलं. तुझं कुठलंही पुस्तक असं कोणी वाचलेलं मी पाहिलं नव्हतं. मी कुंड्या खाली ठेवल्या आणि गप्प बसले. मग तिने मला विचारलं, चर्चचं कार्यालय कुठे आहे. मी रस्ता दाखवला.

ती गेल्यावर तिथली सगळी फुलं उचलून भिंतीकडच्या बेवारस कबरींवर नेऊन टाकली. मेणबत्त्याही. चिठ्ठ्या वाचल्या नाहीत.

बाबांच्या बाजूला कोणी काहीच ठेवलं नाही, याचा मला जास्त राग आला. ते गेले त्या दिवशी दवाखान्यात तूच त्यांच्याजवळ होतीस. मी दुपारच्या बसने धुतलेले कपडे आणायला घरी आले, परत पोहोचले तेव्हा त्यांचा पलंग आवरलेला. तू एवढंच म्हणालीस, "झोपेतच गेले." त्यापुढे सात वर्षं एक शब्द नाही. आणि माझ्या मरणावर मात्र तुला नऊ पानं सुचली.

तुझी आई


नादाशकूत, १४ नोव्हेंबर

चि. शारोल्टा,

ख्रिस्ताची स्तुती असो.

फादर आन्योश घरी आले होते. टोपी हातात, बसायला तयार नाहीत. पेचच्या त्या बाईने माझ्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा सांगितली आहे आणि तारीख मागितली ती नेमकी २३ची, तुझ्या वाचनाच्या दिवशीची. फादर या गावात नवे नाहीत. पण जिवंत बाईच्या दारात उभं राहून हे विचारायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली.

म्हणाले, "पिरोश्काबाई, काय करू? परत पाठवू?"

म्हटलं, देवाच्या दारात आलेली गोष्ट परत का पाठवायची. मिस्सा जिवंत माणसासाठीपण होते ना? ते म्हणाले, होते. मग तशी करा.

रविवारी त्यांनी पुढच्या दोन आठवड्यांच्या मिस्सा वाचून दाखवल्या. अमक्याच्या आत्म्यासाठी, तमकीच्या आत्म्यासाठी, आणि शेवटी, "तेवीस तारखेला सकाळी सात वाजता, डोंबी पिरोश्का यांच्यासाठी. ज्या जिवंत आहेत." सगळं चर्च वळून तिसऱ्या बाकाकडे बघायला लागलं. एतेल्का आत्याने तोंडावर प्रार्थनेचं पुस्तक धरलं, खांदे हलत होते.

हसणं तेवढंच. त्यानंतर एकेक जण यायला लागलं. योलानबाई आल्या, म्हणाल्या, ग्रंथालयाला गळक्या छपरासाठी मदत मिळायची शक्यता आहे, रेडिओवर गावाचं नाव येईल, तर त्या संध्याकाळी मी जरा आराम केला तर. सरपंच रस्त्यात भेटले, माझ्या तब्येतीची चौकशी केली, ग्योरची हवा चांगली असते म्हणाले. सरपंचांना माझी मावसबहीण कुठे राहते हे कोणी सांगितलं? बेकरीतली पोरगी पाव देताना कुजबुजली, "पिरोश्काकाकू, आम्ही कोणी काही बोलणार नाही हं."

मी जिवंत आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे, आणि एका संध्याकाळपुरती मी मेलेली असावी अशी सगळ्या गावाची इच्छा आहे.

ग्योरचं तिकीट पोहोचलं. परत पाठवते आहे, याच पाकिटात आहे. परतावा मिळतो, घे.

मी येणार. निळा कोट घालणार. पुढे बसणार नाही, मागे कोटांच्या स्टँडपाशी बसेन. पण मला कोणी काही विचारलं तर मी खरं सांगेन. तुझं जर्मनीतलं पुस्तक त्यामुळे बुडालं तर बुडेल. मला वाईट वाटेल, तरी सांगेन. दफनभूमीत गप्प बसले ते एकदा. पुन्हा जमणार नाही.

आधी सांगून ठेवते, म्हणजे नंतर आईने फसवलं म्हणायला नको.

तुझी आई


नादाशकूत, २५ नोव्हेंबर

चि. शारोल्टा,

ख्रिस्ताची स्तुती असो.

परवा तू त्या लोकांबरोबर संध्याकाळच्या गाडीने गेलीस. निघताना माझा कोट धरलास, मी हात घातले, दोघींपैकी कोणी बोललं नाही. बोलायचं होतं ते मग असं राहून जातं. म्हणून लिहिते.

मी भांडायच्या तयारीने आले होते. सकाळी मिस्सेत माझंच नाव ऐकलं तेव्हापासून मनात वाक्यं जुळवत होते. ग्रंथालयात शिरले तर योलानबाईंचा चेहरा उतरला. मला त्यांनी दोन जाड कोटांच्या मागची खुर्ची दिली. तू आत आलीस आणि मला पाहिलंस. मला वाटलं तू दुसरं काही वाचशील, शेवटचा समुद्र वगैरे. तू पहिलं पान उघडलंस.

ते मी घरी वाचलं होतं. माझ्या नावाने वाचलं होतं, म्हणून प्रत्येक ओळीशी भांडत वाचलं. त्या दिवशी तुझ्या आवाजात ऐकलं. खिडकी उघडायला सांगणं. साडेचारची गाडी. मालगाडी. चेरी एकेक करून खाणं, आणि थुंकायला वाटी नको, तुझा हात दे म्हणणं. "तिने बिया माझ्या तळहातावर ठेवल्या, मोजून दिल्यासारख्या, आणि माझी मूठ मिटून दिली." हे वाचताना टेबलावर तुझा डावा हात आपोआप मिटला. तुला कळलंही नसेल. समोरच्या कोणाला दिसलं नसेल. मला दिसलं.

ती चेरीची बाटली मी दवाखान्यात नेली होती, बाबांसाठी. संध्याकाळी ती कपाटात रिकामी, धुतलेली मिळाली. मला वाटलं नर्सने फेकून दिल्या. सात वर्षं त्या बाईला मी मनातल्या मनात बोल लावत आले. त्यांनी खाल्ल्या होत्या. आवडीने खाल्ल्या होत्या. झोपेत गेले नाहीत, गाड्या ऐकत गेले. मी बसमध्ये होते तेव्हाची ती नऊ पानं. तू मला तोंडाने सांगू शकली नाहीस ते गावोगाव वाचून दाखवत होतीस, आणि माझं नाव घातलंस म्हणून मलाच ओळखू आलं नाही.

मग त्या रेडिओवाल्याने विचारलं, तुमची आई आज वरून ऐकत असेल असं वाटतं का. तू पुस्तक मिटलंस. सरपंच छताकडे बघायला लागले. मी उठले. खरं सांगते, तुला उघडं पाडायला नाही उठले. तोवर माझी सगळी वाक्यं गेली होती. मला फक्त बाहेर जाऊन रडायचं होतं. पण ती खुर्ची करकरली, एक कोट खाली पडला आणि सगळे वळले.

आणि तू म्हणालीस, लहानपणी म्हणायचीस त्याच सुरात, "आई, बस ना. कुठे निघालीस? नंतर पोगाचा आहेत."

मी बसले. दुसरं काय करणार.

पुढचं तुला माहीत आहे. पण तू कोणाकडे न बघता बोलत होतीस, म्हणून मी बघितलं ते सांगते. तू म्हणालीस, गेले ते माझे वडील. त्यांना कागदावर मारायला बसले की पेन चालायचं नाही, दोन वर्षं चाललं नाही. मग आईचं नाव घातलं, आणि त्याच दुपारी ती नऊ पानं झाली. आणि मग वडील मोकळे झाले होते, त्यांना समुद्रावर नेता आलं. तेव्हा रेडिओवाल्याने यंत्र बंद केलं. सरपंचांनी डोळे मिटले. एतेल्का आत्या मोठ्याने रडली, भावासाठी, आणि या वेळी योग्य माणसासाठी. लाइपझिगच्या बाई शेवटपर्यंत चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हत्या. पोगाचा मात्र दोन खाल्ल्या आणि तिसरी रुमालात बांधून घेतली. त्याचा अर्थ काय ते जर्मन लोकांना ठाऊक.

त्या पुस्तक घेतील की नाही, मला सांगता येत नाही. योलानबाई माझ्याशी बोलत नाहीत. साप्ताहिकवाले आता उलटं काहीतरी छापतील. हे सगळं तुझ्या डोक्यावर आलंय आणि ते एका उघड्या शब्दाने टळलं असतं, याचा राग मला अजून आहे. सात वर्षं नुसतं "झोपेत गेले", याचाही आहे. तो इतक्यात जायचा नाही. आलीस की भांडू.

पण एक सांगते. दुसरी आवृत्ती निघाली तर आता लाजेपोटी बदल करायला जाऊ नकोस. नावं तशीच ठेव. मालगाडी ओळखते म्हटलंस तर ओळखते. तुझ्या बाबांना तीनशे पानं मिळत होती, मधमाश्या, समुद्र, तळलेले मासे, त्याच्या बदल्यात माझं एक मरण. तू आधी विचारलं असतंस तर मी पहिल्या पानाची वाटही बघितली नसती, पहिल्याच ओळीत गेले असते.

काल दफनभूमीत गेले होते. पुन्हा शेवंत्या आल्या आहेत, माझ्याच बाजूला. कोणी कोणी अजून येत राहणार, त्यांना कुठे गाठून सांगत बसू. या वेळी भिंतीकडे नेल्या नाहीत. उचलल्या आणि दोन वीत डावीकडे ठेवल्या.

तुझी आई